शीलाताई, तुमचं अर्धं वाक्य

ताई, तुम्ही गेल्या आणि तेव्हापासून माझ्या फोनवर सारख्या बोलताय. ज्याला त्याला तुमच्याबद्दल चार शब्द लिहायचे असतात आणि त्या शब्दांखाली तुमचा व्हिडिओ जोडायचा असतो. सगळे तोच जोडतात. पांढरं निळ्या काठाचं पातळ, नाकावर घसरलेला चष्मा, मागे भिंतीवर टांगलेला माणसाच्या शरीराचा तो मोठा नकाशा. "गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात सुया टोचल्यावर लोकायले आराम पडलेला अभ्यासात दिसते," असं तुम्ही म्हणता, किंचित हसता, आणि व्हिडिओ संपतो. खाली जोडलेल्या हातांच्या रांगा. 'असा देवमाणूस पुन्हा होणे नाही.' तुम्हाला देवमाणूस म्हटलेलं अजिबात खपलं नसतं.

तुम्ही तिथे हसल्या नव्हत्या. तुम्ही श्वास घेतला होता. महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी तुम्ही तसा श्वास घ्यायच्या, ओठ थोडे उघडायचे आणि पाहणाऱ्याला ते हसू वाटायचं. पुढचं वाक्य 'पण'ने सुरू होत होतं. ते मी कापलं. ही गोष्ट आपल्या दोघींनाच ठाऊक होती.

मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन अमरावतीच्या घरात आले तेव्हा तुम्ही अकोल्याला सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या, एकट्या राहायच्या, आणि सुटीला आल्या की घरातल्या प्रत्येकाचे खांदे-पाठ दाबून तपासायच्या. मला तुमची भीती वाटायची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी स्वयंपाकघरात काढलं. एकदा तुम्ही जेवताना ह्यांना म्हणाल्या, "हिचं ग्रॅज्युएशन झालं ना रे? मंग काहून बसवून ठेवलं घरात?" पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः मला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये घेऊन गेल्या, फॉर्मवर नातं लिहायच्या जागी 'बहीण' लिहिलं. तिथून मी व्हिडिओ जोडायला-कापायला शिकले आणि कोचिंग क्लासमध्ये नोकरीला लागले. सरांच्या लांबलचक शिकवण्यांमधले खोकले, अडखळणं, फळा पुसणं, पोरांचे मध्येच विचारलेले प्रश्न काढून टाकायचे आणि शिकवणी गुळगुळीत करायची, हे माझं काम. तुम्ही मला ज्या विद्येला लावलं, तीच मी तुमच्यावर चालवली. हे मी कितीतरी दिवस मनातही नीट उच्चारलं नव्हतं.

सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर, तुम्ही उशिरा शिकल्या. रीतसर अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, आणि निवृत्त झाल्यावर अकोल्याच्या घराच्या पुढच्या खोलीत पेशंट बघायला लागल्या. पेशंट सुई टोचून घेता घेता फोन पुढे करायचे. कान दाबला की शुगर जाते. अमुक चिनी चहाने मुतखडा विरघळतो. तळपायाचा हा बिंदू रोज दाबा, बीपीची गोळी बंद. तर दुसरा कोणी म्हणायचा, चीनचं आहे ना, मग फेका तिकडे. तुम्हाला दोघांचाही सारखाच वैताग यायचा. "चीनचं हाय म्हणून वाईट नाही, आन् हजारो वर्साचं हाय म्हणून खरं नाही. कोणी तपासून पाहलं का, ते सांगा," असं म्हणून तुम्ही पेशंटला गप्प करायच्या. मग रविवारी सकाळी शब्दकोश घेऊन बसायच्या आणि त्या-त्या विषयावरचे इंग्रजी शोधनिबंध वाचून काढायच्या. वाचलेलं सांगायला समोर कोणी नसलं तर मला फोन.

हे रेकॉर्ड करू आणि नेटवर टाकू, असं मी म्हणाले. कल्पना माझी होती. तुम्हाला आधी हसू आलं. मग विचारलं, "मी जसं बोलतो तसंच टाकशीन ना?" मी हो म्हणाले.

मग दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, पिशवीत कॅमेऱ्याचं स्टँड, आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत पातोडीच्या रश्श्याचा वास गल्लीपर्यंत आलेला. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद करायचा. अकोल्याचा उन्हाळा, तुम्ही पदराने तोंड पुसायच्या, मी म्हणायचे थांबा, पुन्हा घेऊ, आणि तुम्ही म्हणायच्या, "राहू दे. डॉक्टरलेही घाम येते." जेवणानंतर चटईवर आडव्या पडून आपण ऐकलेलं पुन्हा ऐकायचो. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार होते. हे तुम्हाला कधी सांगितलं का मी? नसावं.

खोट्या सुईचा दिवस आठवतो? सुईने खरंच आराम पडतो की नुसतं वाटतं, हे कसं तपासतात, ते तुम्हाला लोकांना समजावायचं होतं. तुम्ही सांगितलं की अशी एक सुई असते, ती दाबली की आपल्याच नळीत आत सरकते, कातडीला नुसती लागते, टोचत नाही. माऊस धरून धरून माझा खांदा तेव्हा सतत दुखायचा. तुम्ही मला डोळे मिटायला लावले, एकदा अशी, एकदा तशी लावली, आणि विचारलं खरी कोणती. मी ठामपणे पहिली म्हणाले. ती खोटी होती. एवढंच नाही, तर त्या खोट्या सुईने माझा खांदा हलका झाला होता. तुम्ही इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "रंजना, हेच लोकायले सांगणं सगळ्यात कठीण हाय. त्यायचं दुखणं खरं असते. आरामही खरा असते. फक्त तो कशानं पडला, ते आपल्याले नक्की माहीत नसते."

तो व्हिडिओ मी पूर्ण टाकला होता. पाहणारे मोजकेच निघाले, त्यातले बरेचसे आपले नातेवाईक. आणि त्याच वेळी कान दाबून शुगर घालवणारा माणूस घराघरात पोचला होता. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. तुम्ही म्हणायच्या, ज्याला ऐकायचं तो ऐकेल. मलाच वाटायचं. रोज कामावर मी सरांचे व्हिडिओ पोरांपर्यंत पोचताना बघत होते आणि आमच्या ताईंना मात्र कोणी विचारत नाही, ही गोष्ट मला आतून खात होती. तुमचं नाव व्हावं असं मला वाटत होतं. आणि खरं सांगते, ते नाव मी केलं, असंही व्हावं असं वाटत होतं.

गुडघ्यांवर तुम्ही जे बोलल्या होत्या ते सगळं मला पाठ आहे. लोकांना आराम पडलेला दिसतो. पण खोट्या सुया लावलेल्यांनाही त्यातला बराचसा आराम पडला. म्हणून यात सुईचं काम किती आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं याचं किती, हे नक्की सांगता येत नाही. सुया घ्यायच्या तर शिकलेल्या माणसाकडून घ्या, चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, आणि पुड्या-बिड्या खाऊ नका. एवढं सगळं. क्लासच्या ऑफिसात सरांची शिकवणी तयार होईपर्यंत मला थोडा वेळ मोकळा होता. त्यात मी तुमचं पहिलं वाक्य उचललं, श्वासापाशी कात्री मारली, आणि तेवढंच नेटवर टाकलं. मागे मंद बासरी लावली. एका बैठकीचं काम.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो माझ्या ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर फिरून परत माझ्याकडे आला होता. तुमच्या दारात माणसं उभी राहायला लागली. तुमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"रंजना, माहं पुढचं बोलणं कुठं गेलं?"

मी म्हणाले, पूर्ण व्हिडिओ आहे ना चॅनेलवर, खाली लिंक दिली आहे. तुम्ही विचारलं, खाली कोणी जातं का. मी म्हणाले, थोडे जातात. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, ताई, 'पण' ऐकलं की लोक अंगठ्याने पुढे सरकवतात. आधी त्यांना थांबवावं तर लागेल.

"सरकवू दे," तुम्ही म्हणाल्या. "अर्धं ऐकून थांबलेला माणूस मले नाही पायजे. काढून टाक ते."

काढते म्हणाले. काढलं नाही. अजून थोडं पसरू दे, मग तेच लोक मोठा व्हिडिओही पाहतील, अशी मनाची समजूत घातली. ऑफिसात सगळे माझं कौतुक करत होते. तुम्ही पुन्हा फोन केला, मी पुन्हा काढते म्हणाले. तिसऱ्यांदा तुम्ही नुसतं "रंजना" म्हणाल्या, तेव्हा काढलं.

हा आपला वाद कधी संपला नाही. आजही मला वाटतं की माझ्या बोलण्यात काही तथ्य होतं. खरं बोलणाऱ्याला कोणी ऐकत नाही आणि थापा मारणारा घराघरात पोचतो, याचं काय करायचं, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही. पण ते विचारायचा हक्क मी तेव्हाच गमावला होता.

कारण काढून काही उपयोग नव्हता. तोवर तो कितीतरी जणांनी उतरवून घेतला होता. मग एक दिवस तोच व्हिडिओ मला वेगळ्या रूपात आला. तुमचं वाक्य, तुमचा श्वास, आणि त्यानंतर 'चिनी जडीबुटी'च्या पुडीचं चित्र. एका पुरुषाचा आवाज म्हणत होता की डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं हे गुडघ्यांचं औषध घरपोच मिळेल. तुम्ही जन्मात कुणाला पुडी दिली नव्हती. मी तो तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही तो पुन्हा पहिल्यापासून लावला. मग तक्रार कुठे करायची ते विचारलं. आपण तक्रारी केल्या. एक बंद झाला की दुसऱ्या नावाने दोन दिसायचे.

सुमनबाईंबद्दल आपल्याला त्यांच्या मुलाच्या फोनमुळे कळलं. अमरावतीजवळच्या वलगावची बाई, दोन बिघ्यांत भाजी लावायची, आयुष्यभर उकिडवं बसून मेथी-पालकाच्या जुड्या बांधून गुडघे गेलेले. फोनवर तुम्हाला पाहून त्यांनी ती पुडी मागवली. पहिल्या महिन्यात गुडघे इतके हलके झाले की त्यांनी शेजारणींनाही सांगितलं. मग चेहरा सुजला, शुगर आभाळाला भिडली, पायाला लागलेलं चिघळलं. डॉक्टरांना संशय होता की पुडीत स्टेरॉइड घातलेलं असावं. असल्या पुड्यांत ते बरेचदा निघतं, असं ते म्हणाले. मुलाने तुमचा नंबर शोधून काढला होता, भांडायला. तुम्ही त्याला म्हणाल्या, मी येते.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात मी तुमच्यासोबत आले. सुमनबाईंच्या पायाची दोन बोटं तोवर काढली होती. पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, चेहरा फुगलेला. त्यांनी तुम्हाला लगेच ओळखलं. चिडल्या नाहीत. नवल वाटल्यासारख्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमीच त मोबाईलात सांगतलं होतं ना."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तेव्हा बोलायचं होतं. 'यांनी पूर्ण सांगितलं होतं, मी कापलं,' एवढंच. फार मोठं वाक्य नव्हतं. मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही बघितलं नाही. तुम्ही खाटेची लोखंडी कड धरली आणि म्हणाल्या, "हो. मीच सांगतलं. आन् अर्धंच सांगतलं, ते चुकलं माहं. पुडीचं मी नाही बोलली, पण माहा चेहरा पाहून तुमी ते घेतली, त ते माह्यावरच येते."

मुलगा भांडायच्या तयारीने आला होता. तुम्ही स्टूल ओढून बसल्या, पट्टी कोण बदलतं, साखर किती वेळा तपासतात, ते विचारू लागल्या. मी तशीच उभी.

बाहेर आल्यावर ऑटोत मी वाट बघत होते की आता तुम्ही बोलाल. तुम्ही म्हणाल्या, "चाय घेऊ व कुठं तरी." चहा पिताना माझ्या खांद्याची चौकशी केली. मग अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. बस. तुम्ही मला वाचवलं आणि ते इतक्या सहज केलं की त्यावर बोलायला जागाच ठेवली नाही. की मीच ती शोधली नाही?

त्यानंतर माझे रविवार कमी झाले. क्लासमध्ये प्रवेशाचे दिवस आहेत, पाहुणे आहेत, अंग दुखतंय. तुम्ही कधी का येत नाहीस विचारलं नाही. तुम्ही स्वतःच फोन उभा करून बोलायला शिकल्या. अर्धं डोकं फ्रेमच्या बाहेर, पंख्याची घरघर, पण अख्खं वाक्य. जिथे जिथे तो कापलेला तुकडा दिसेल तिथे खाली जाऊन तुम्ही लिहायच्या: 'ही मीच आहे. हे बोलणं अपुरं आहे. या पुडीशी माझा संबंध नाही.' काहींनी तुम्हालाच खोटं ठरवलं. एकाने लिहिलं, मॅडमच्या नावाने कोणी बदमाशी करतंय. मी घरी बसून ते वाचायचे.

तुम्ही गेल्या त्या सकाळी पेशंट यायचा होता. त्यानेच शेजाऱ्यांना हाक मारली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्या व्हिडिओचा आणि तुमच्या जाण्याचा संबंध नाही, हे मला कळतं. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, एकामागून एक झालं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं नसते. पण तुमचं शेवटचं वर्ष मी कशात घालवायला लावलं, ते मला माहीत आहे. नवीन काही वाचायचं, शिकायचं, सांगायचं सोडून तुम्ही माझी एक कात्री दुरुस्त करत बसल्या.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्याच्या घराचं अंगण भरलं होतं. वंदना झाली, लोक बोलले. तुमच्या हाताखाली शिकलेल्या एका पोरीने मोठ्या टीव्हीवर तुमचा व्हिडिओ लावला. तोच. अंगण शांत झालं. तुम्ही ते वाक्य बोलल्या, ओठ उघडले, आणि पडद्यावर थांबल्या. पुढची-मागची माणसं रडायला लागली. हे माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ताईचं हसणं तू किती बरं टिपलं व."

मी तेव्हाही गप्प बसले, ताई. दुसऱ्यांदा.

परतताना गाडीत मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताईले माहीत होतं?" मी हो म्हणाले. "मंग तिनं मले काहून नाही सांगतलं?" तुम्ही मला घरातही वाचवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून हे माझ्याशी नीट बोलतात, पण तुमचा फोटो पुसायला मला देत नाहीत, स्वतः पुसतात.

मग मी स्वतःचा व्हिडिओ केला. चेहरा माझा. मी म्हणाले की मी यांची भावजय, हे वाक्य मी कापलं होतं, पुढचं असं आहे. आणि तुमचं पूर्ण बोलणं लावलं. फार कोणी पाहिलं नाही. एकाने खाली लिहिलं की मेलेल्या बाईच्या नावावर प्रसिद्धी मिळवायला निघाली आहे. मी ते पुसलं नाही. राहू दिलं.

पण सुमनबाईंना सांगणं राहिलं होतं. म्हणून परवा वलगावला गेले. त्या ओसरीत बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आता त्यांना खाली बसता येत नाही. मला ओळखलं. सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि विचारलं, "बाईनं पाठवलं का तुमाले?"

मला कळेना. मग त्यांच्या बोलण्यातून कळत गेलं. तुम्ही दर महिन्याला वलगावला येत होत्या. त्यांचा पाय बघायच्या, साखरेचा कागद वाचायच्या, सुनेला पट्टी कशी करायची ते शिकवायच्या. आम्हाला सांगायच्या की अमरावतीला विद्यापीठाच्या लायब्ररीत काम आहे, वेळ झाला तर येईन घरी. कधी यायच्या, कधी नाही. मी म्हणायचे, एवढं काय वाचतात.

"मांगच्या महिन्यात नाही आल्या," सुमनबाई म्हणाल्या. "मी म्हणलं, कटाळल्या असतीन."

त्यांना कोणी कळवलं नव्हतं. फोनवरचे ते जोडलेले हात त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. पुडीच्या प्रकारानंतर मुलाने त्यांच्याकडून मोबाइल काढून घेतला होता. मी कबूल करायला गेले होते आणि मला आधी बातमी द्यावी लागली. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. पदर तोंडावर घेतला. सून दारात उभी राहिली. माझं जे सांगायचं होतं ते त्या रडण्यापुढे फार छोटं आणि फार घाण वाटायला लागलं. उठून जावंसं वाटलं. तरी सांगितलं. फोनवरचं ते बोलणं ताईंनी अर्धं सोडलं नव्हतं. पुड्या खाऊ नका, असंही त्या त्यातच बोलल्या होत्या. मी कापलं. त्यांनी दवाखान्यात माझा दोष स्वतःवर घेतला.

सुमनबाईंनी पदर बाजूला केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तवा तुमी तिथंच होत्या ना? माह्या पायापाशी."

"हो."

"काही नाही बोलल्या."

"नाही."

त्यांनी पायाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. तुम्ही एकही दिली नव्हती. त्या म्हणाल्या, "मंग आता मले सांगून काय? बाईले सांगाचं होतं."

एवढं बोलून त्यांनी जुडी पुन्हा हातात घेतली. चहा विचारला नाही. मी थोडा वेळ बसले आणि ऑटो करून घरी आले.

म्हणून सांगते आहे, ताई. चूक माझी होती. कात्री माझी होती, आणि ती मी तुमच्या नावासाठी चालवली असं मी स्वतःला सांगत राहिले, पण अर्ध्याहून जास्त ती माझ्या कौतुकासाठी होती. सुमनबाईंची बोटं, तुमचं ते शेवटचं वर्ष, सगळं माझ्याकडून सुरू झालं. तुम्ही खाटेची कड धरून बोलल्या तेव्हा ते मी बोलायला हवं होतं. मला माफ करा.

हे सांगायला दर रविवारी अकोल्याची गाडी होती.